स्वस्तातली दुनळी

तर मंडळी, झालं असं. गेल्या महिन्यात आमचा एक मित्र दोन वर्षांचं ऑनसाइट आटपून नागपुरात परत आला. आयटी पार्कसमोरच्या टपरीवर तर्री-पोह्यांची पहिली प्लेट संपायच्या आत त्यानं मुद्द्याला हात घातला.

"तुझ्या गावाकडच्या घरी बंदूक आहे ना बे?"

"आहे. पण माझी नाही, मोठेबाबांची आहे."

"तेच. मलेपण एक घ्यायची आहे. दोन नळ्या शेजारीशेजारी असतात ना, तशी क्लासिक दुनळी. तिकडे वीकेंडला टीमसोबत मातीच्या तबकड्या उडवायला जात होतो, मस्त मजा येते. महिन्यातून एखाद्या वेळेस वापरणार, म्हणून लय महाग नको. कोणती घेऊ सांग."

प्रश्न एकदम सरळ होता. मोबाइल कोणता घेऊ, बाईक कोणती घेऊ, त्याच चालीवरचा. आणि नेमक्या त्याच आठवड्यात मोठेबाबांचा (म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी) फोन येऊन गेला होता, "मी आता त्र्याहत्तरचा झालो. बंदूक तुह्या नावावर करून घे, नाहीतर ठाण्यात जमा करून मोकळा होतो." म्हणजे एकाला बंदूक हवी होती आणि मिळण्याची शक्यता नव्हती, आणि एकाला मिळत होती पण हवी की नको ते ठरत नव्हतं. मग नेहमीप्रमाणे अस्मादिकांनी शनिवार-रविवार वाचनात घातले. त्यातून जे हाती लागलं ते हे.

आधी आमच्या दुनळीबद्दल. उमरेड तालुक्यात आमचं गाव. माझ्या पणजोबांची तिथे चार आण्यांची मालगुजारी होती. (रुपयात चार आणे, म्हणजे गावाचा चौथा हिस्सा. फार मोठं प्रकरण नाही, पण मिशीला पीळ देण्यापुरतं पुरेसं.) त्यांनी १९३६ साली ही बाराबोअरची दुनळी घेतली. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, पुढे वाड्याची एक बाजू पडली, बैलजोड्या गेल्या, दुनळी राहिली. दसऱ्याला ती देवघरासमोर पाटावर येते, तिला हळदकुंकू आणि आपट्याची पानं वाहिली जातात आणि मग ती परत कपाटात. लहानपणी आम्हा पोरांना सांगितलेलं असायचं की ही अस्सल विलायती आहे, खास बर्मिंगहॅमची. नळ्यांच्या मधल्या पट्टीवर इंग्रजी नावही कोरलेलं आहे. पुसट झालंय, पण आहे.

आता "बाराबोअर" म्हणजे काय हे मला एवढी वर्षं माहीत नव्हतं, आणि पैज लावतो, तुमच्यातल्याही बऱ्याच जणांना नसेल. एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे करायचे. त्यातला एक गोळा ज्या नळीत बरोबर बसेल ती बाराबोअर, म्हणजे साधारण साडेअठरा मिलिमीटर. वीस गोळे केले तर वीसबोअर, म्हणून आकडा मोठा तितकी नळी लहान. व्हेरिएबलला असं उलटं नाव कोणी दिलं असतं तर कोड रिव्ह्यूमध्ये त्याचं काही खरं नव्हतं!

नळ्या दोन का, याचं उत्तर आपल्या धंद्यातल्या लोकांना लगेच पटेल. शेजारीशेजारी नळ्यांची जुनी दुनळी म्हणजे एका दस्त्यावर बसवलेल्या दोन स्वतंत्र बंदुका. दोन नळ्या, दोन यंत्रणा, दोन चाप. एक बाजू बिघडली तरी दुसरी चालते. शिवाय दोन्ही नळ्यांची तोंडं वेगवेगळी घडवलेली असतात. सहसा उजवी जरा मोकळी, जवळच्या पाखरासाठी, आणि डावी तोंडाशी किंचित आवळलेली, म्हणजे छर्रे लांबपर्यंत एकत्र राहतात. याला चोक म्हणतात. पाखरू उठलं की पहिला बार उजवीचा, ते लांब गेलं की दुसरा डावीचा. कोणता चाप ओढायचा एवढंच बोटाला ठरवायचं असतं.

ठासणीच्या बंदुकीलाही दोन नळ्या असायच्या, पण खरा बदल झाला तो मागून मोडणाऱ्या बंदुकीनं. पॅरिसच्या लफोशो नावाच्या कारागिरानं १८३० च्या दशकात मधोमध मोडणारी, मागून काडतूस भरायची बंदूक आणली. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात ती इंग्रजांनी पाहिली आणि पुढच्या पंचवीस वर्षांत इंग्रज बंदूककारांनी या एका वस्तूवर डोकं चालवून चालवून तिला जवळजवळ आजच्या रूपाला आणलं. आपल्या विषयाच्या दृष्टीनं यातलं सगळ्यात महत्त्वाचं वर्ष १८७५. बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स कंपनीतल्या अँसन आणि डीली या दोघांनी अशी यंत्रणा काढली की बाहेर दिसणारे घोडेच नाहीसे झाले. बंदूक मोडली की नळ्यांच्याच वजनानं आतले घोडे आपोआप चढायचे. याला बॉक्सलॉक म्हणतात. सुटे भाग कमी, ते घासून बसवायला लागणारे तास कमी, म्हणून किंमत कमी. राजेरजवाडे लंडनच्या नक्षीदार बंदुका घेत राहिले, पण साध्या माणसाची दुनळी जी जगभर पसरली ती या बॉक्सलॉकमुळे. माझ्या मते तरी हा त्या शतकातल्या उत्तम डिझाइनांपैकी एक नमुना आहे. पेटंट संपल्यावर सगळ्यांनी तो उचलला आणि आजही तोच चालू आहे.

पण स्वस्त दुनळीत एक मूळचीच अडचण आहे, ती मला वाचता वाचता कळली. दोन नळ्या नुसत्या समांतर ठेवून भागत नाही. उजवी उडाली की धक्क्यानं बंदूक जराशी उजवीकडे वळते, डावी उडाली की डावीकडे. म्हणून नळ्या तोंडाकडे किंचित जवळ येतील अशा जोडाव्या लागतात, म्हणजे चाळीस एक यार्डांवर दोन्हींचे छर्रे एकाच जागी पडतात. हे जोडकाम डोळ्याच्या अंदाजानं, बार काढून बघत, डाख देत करायचं काम. इथं वेळ वाचवला की बंदूक स्वस्त होते आणि एक नळी भलतीकडेच मारते. एकनळी बंदूक स्वस्तात चांगली बनू शकते, दुनळीला मात्र स्वस्त व्हायचं तर कुठेतरी कारागिराचे तासच कापावे लागतात.

हे तास सगळ्यात स्वस्तात मिळायचे बेल्जियममध्ये. लिएज हे शहर आणि त्याच्या आसपासची खेडी म्हणजे घराघरात बंदुकीचा एकेक भाग बनवणारी वस्ती होती. कोणी नळ्या करी, कोणी दस्ते, कोणी कोरीवकाम. आपल्याकडे विड्या वळायला घरी पानं आणून देतात, साधारण तसाच कारभार. तिथून लाखांनी बंदुका जगभर जायच्या, आणि गिऱ्हाईकाला इंग्रजी माल आवडतो म्हणून त्यातल्या कित्येकांवर इंग्रजी वाटतील अशी नावं घातलेली असायची. या माहितीशी मी जरा घुटमळलो, कारण मला आमच्या पट्टीवरचं पुसट नाव आठवलं. त्यावर पुढे येतो.

आता ही दुनळी आपल्या मुलखात कशी आली? १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि नागपूर त्याची राजधानी. भोवती सगळं जंगल. कॅप्टन जेम्स फॉर्सिथचं सातपुड्यावरचं पुस्तक १८७१ चं, आणि वनखात्यातल्या डनबार ब्रँडरचं मध्य भारतातल्या प्राण्यांवरचं १९२३ चं. दोन्ही मूळ कामाच्या ओघात लिहिलेली आणि दोन्हींत पानोपानी शिकार. साहेबाच्या सामानात रायफल असायची वाघा-गव्यासाठी आणि दुनळी असायची रात्रीच्या जेवणासाठी, म्हणजे तितर, बटेर, बदक वगैरे.

साहेबाला ती विकत घ्यायला फक्त पैसे लागायचे. हिंदी माणसाला आणखी एक गोष्ट लागायची, लायसन. १८७८ साली व्हाइसरॉय लिटननं शस्त्रांचा कायदा केला आणि बंदूक बाळगायला परवाना सक्तीचा झाला, पण त्यातून युरोपियन लोकांना सूट. एकच वस्तू, एकच दुकान, पण कातडीच्या रंगावरून रांगा दोन. याच लिटननं याच वर्षी देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांवरही कायदा आणला होता. तो रिपननं १८८२ मध्ये रद्द केला. शस्त्रांचा मात्र राहिला. काँग्रेसनं १८८७ च्या मद्रास अधिवेशनात त्याविरुद्ध ठराव केला, गांधीजींनी पहिल्या महायुद्धाच्या वेळी त्याची संभावना इंग्रजी राज्याच्या सगळ्यात काळ्या कृत्यांत केली. वंशाधारित सूट पहिल्या महायुद्धानंतर नियमांतून काढली गेली, पण लायसन द्यायचं की नाही हे साहेबाच्याच मर्जीवर राहिलं. त्यामुळे गावात लायसन असलेली दुनळी म्हणजे सरकारनं तुमच्यावर विश्वास टाकल्याचं प्रमाणपत्र. पणजोबांना १९३६ मध्ये ती मिळाली याचा अर्थ ते सरकारच्या वाईट यादीत नव्हते. हे वाक्य लिहिताना मला फार अभिमान वाटला असं नाही.

कारण त्याच्या नऊच वर्षं आधी नागपुरातच काय झालं होतं ते मला हा लेख लिहीपर्यंत माहीत नव्हतं. १९२३ चा झेंडा सत्याग्रह आपल्याला शाळेत असतो. पण १९२७ मध्ये नागपुरात शस्त्रांच्या कायद्याविरुद्धही सत्याग्रह झाला होता! त्याचे पुढारी मंचरशा आवारी, नागपूरचे पारशी कार्यकर्ते, लोक त्यांना जनरल आवारी म्हणत. बंगालमधल्या विनाचौकशी डांबलेल्या राजबंद्यांच्या सुटकेसाठी त्यांनी हा लढा काढला. लायसन न घेता उघड तलवारी घेऊन मिरवणुकीनं जायचं आणि अटक करवून घ्यायची. मारायचं कोणालाच नाही, फक्त बाळगायचं. आवारींना चार वर्षांची शिक्षा झाली. गंमत म्हणजे गांधीजींना हा सत्याग्रह पटला नाही. हातात शस्त्र आणि तोंडात अहिंसा हे त्यांना जमेना, आणि त्यांनी 'यंग इंडिया'त तसं लिहिलं. मला दोघांचंही पटतं, ही माझी नेहमीची पंचाईत. गांधीजींचा मुद्दा तर्काला धरून आहे. पण एका रंगाच्या माणसाला जे सहज मिळतं ते दुसऱ्याला मागावं लागतं, हे रस्त्यावर दाखवून द्यायला तलवार हातात घेण्यापेक्षा चांगला मार्ग मलाही सुचत नाही.

पुढे १९३१ च्या कराची काँग्रेसनं मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगायचा हक्क चक्क घातला. मग घटना लिहायची वेळ आली. डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी घटना समितीत तो हक्क घटनेत घालायची दुरुस्ती मांडली. कामत हे आपल्याच मध्य प्रांत-वऱ्हाडाचे प्रतिनिधी. डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. परक्या सरकारनं निःशस्त्र केलं होतं तेव्हाची मागणी वेगळी होती, आता सरसकट कोणालाही शस्त्राचा हक्क देऊन चालणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. दुरुस्ती पडली. अमेरिकेच्या घटनेत आहे ते आपल्या घटनेत का नाही, याचं उत्तर त्या चर्चेत आहे, आणि आमच्या ऑनसाइट मित्राच्या गोंधळाचं मूळही तिथंच आहे. तिकडे बंदूक हा हक्क, इकडे परवानगी. फाळणीनंतर दीड वर्षाच्या आत आणि गांधीजींच्या खुनाला वर्षही झालेलं नसताना आंबेडकरांनी दुसरं काही म्हटलं असतं तरच नवल.

लिटनचा कायदा शेवटी गेला तो १९५९ च्या नव्या कायद्यानं, तो अमलात आला १ ऑक्टोबर १९६२ ला. म्हणजे इंग्रज गेल्यावर पंधरा वर्षांनी. आणि या नव्या कायद्यात आपल्या दुनळीला एक खास जागा मिळाली. तेराव्या कलमात लिहिलंय की संरक्षण किंवा खेळासाठी किमान २० इंच नळीची, आतून गुळगुळीत असलेली बंदूक मागणाऱ्या नागरिकाला, आक्षेपाचं काही कारण नसेल तर, लायसन द्यावं. पिस्तूल-रायफलीसाठी सबळ कारण दाखवावं लागतं. दुनळीच्या नळ्या २६-२८ इंचांच्या, आत आटे नाहीत. खिशात लपत नाही, लांबवर अचूक लागत नाही, दोन बारांनंतर मोडून भरावी लागते. सरकारला नागरिकाच्या हातात जेवढी बंदूक परवडते तेवढीच ती आहे. गावोगावच्या घरांत दुनळीच का दिसते, याचं बरंचसं उत्तर त्या कलमात आहे.

मग तिचं करायचं काय? आमच्या आजोबांचं उत्तर साधं होतं, पाखरं. हिवाळ्यात तलावावर बदकं, शेताच्या धुऱ्यावर तितर आणि लावे, पिंपळावर हरियल. (हरियल म्हणजे आज महाराष्ट्राचा राज्यपक्षी. आजोबांच्या काळी भाजीचा प्रश्न सुटला एवढंच त्याचं महत्त्व.) त्याच काळात नागपूरहून मोठ्या शिकारीचा चक्क धंदा चालायचा. इथल्या मॉरिस कॉलेजातून १९५१ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडलेल्या एका तरुणानं अल्विन कूपर नावाची कंपनी काढली. परदेशी शौकिनांना मध्य भारतात शिकारीला न्यायचं तिचं काम. अमेरिकन मासिकांत तिच्या जाहिराती यायच्या, खाली पत्ता नागपूर. तो तरुण म्हणजे विद्याचरण शुक्ल, पुढे १९५७ पासून खासदार आणि मग केंद्रीय मंत्री.

१९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. आपल्याला वाटतं की त्या दिवसापासून शिकार बंद. तसं नाही. त्या कायद्यात सुरुवातीला लहान शिकारीची लायसनं होती, ठरावीक पाखरं, ठरावीक हंगाम. ती गेली १९९१ च्या दुरुस्तीनं. शिकारीसाठी दुनळी घेण्याचं कायदेशीर कारण या देशात खरं संपलं ते तेव्हा. (त्या वेळी शुक्ल केंद्रात मंत्रीच होते. इतिहासाला विनोदबुद्धी आहे ती अशी.) आता पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकरासाठीसुद्धा वनखात्याची परवानगी लागते. बंद झालं ते योग्यच झालं असं माझं मत आहे. आमच्या गावच्या तलावावर आज मी दुर्बीण घेऊन जातो आणि मोठेबाबा येऊन कोणतं बदक कुठून उडायचं ते सांगतात. ती माहिती त्यांना कशी मिळाली हे मी विचारत नाही.

दुसरं दार बंद झालं १९८० च्या दशकाच्या मध्यात, आयातीचं. तोपर्यंत परदेशातून परतणारा माणूस सामानात बंदूक आणू शकायचा. ते जवळजवळ थांबलं आणि राष्ट्रीय पातळीवरचे नेमबाज सोडले तर सामान्य माणसासाठी बाहेरचा माल जवळपास संपला. म्हणून मित्रानं इंटरनेटवर पाहून ठेवलेल्या तुर्कस्तानच्या हुग्लू गावच्या सुंदर, परवडणाऱ्या दुनळ्या त्याच्यासाठी फक्त स्क्रीनवर. इथे उरतं काय? सरकारी ऑर्डनन्स फॅक्टरीची बंदूक, बिहारमधल्या मुंगेरच्या किंवा जम्मूच्या परवानाधारक कारखान्यांची, नाहीतर बंदीपूर्वी देशात आलेली जुनी विलायती. मुंगेरची परंपरा अठराव्या शतकातली, नवाब मीर कासिमच्या वेळेपासूनची. आणि जुन्या विलायती मालाचा साठा वाढणारच नाही म्हटल्यावर, तिकडे ज्या बंदुकीला कोणी विचारत नाही तिला इकडे लोक लाखांत मोजतात. थोडक्यात, "स्वस्तात मस्त" हा कप्पाच आपल्या बाजारात नाही. तिकडे तबकड्यांच्या खेळातही आता वर-खाली नळ्यांच्या बंदुका चालतात. २००४ मध्ये अथेन्सला राज्यवर्धन राठोडांनी रौप्य मिळवलं ते तशाच बंदुकीनं. शेजारीशेजारीवाली हौशी लोकांची राहिली.

तरीही जुनी घ्यायचीच, किंवा आमच्यासारखी वारशानं यायचीच असेल, तर काय बघायचं? हे मी वाचूनही शिकलो आणि मागच्या रविवारी प्रत्यक्षही. मोठेबाबा लायसन आणि बंदूक घेऊन नागपूरला आले आणि आम्ही दोघं एका जुन्या बंदूकवाल्याकडे गेलो. पासष्टीचे गृहस्थ, बोलणं कमी. त्यांनी आधी बंदूक मोडून चेंबर रिकामी असल्याची खात्री केली, पुढचा लाकडी भाग काढला आणि ती बंद करून कानाशी धरून हलवली. नळ्या आणि मागचा ठोकळा यांच्यात फट पडली असेल तर बारीक खडखड होते. आमची गप्प होती. मग नळ्या सुट्या करून बोटावर टांगल्या आणि नखानं टिचकी मारली. घंटेसारखा स्वच्छ आवाज आला तर मधल्या पट्टीचा डाख शाबूत, फुटक्या मडक्यासारखा आला तर सुटलेला. मोठेबाबांचा चेहरा तेव्हा पत्रिका बघणाऱ्यासमोर बसलेल्या मुलीच्या बापासारखा झाला होता. घंटा वाजली. मग नळ्यांतून उजेडाकडे बघून पोचे आणि गंजाचे खड्डे पाहिले, दस्त्याच्या मनगटाशी चीर आहे का पाहिलं. नळ्यांवर लाकडाच्या रेषांसारखी नागमोडी नक्षी असेल तर त्या लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या जुन्या दमास्कस नळ्या, काळ्या दारूच्या काळातल्या. त्यांत आजचं काडतूस घालायचं नाही, हौस म्हणून भिंतीवर लावायची. आमच्या तशा नव्हत्या.

मग त्यांनी नळ्या उलट्या केल्या आणि भिंग दिलं. खाली लंबगोलात इ, एल, जी ही अक्षरं. लिएजच्या सरकारी चाचणीघराचा शिक्का.

"बेल्जियम," ते म्हणाले.

"वर तं इंग्रजी नाव आहे," मोठेबाबा.

"नाव काय, कोणतंही घालत होते."

मोठेबाबा काही बोलले नाहीत. ऐंशी-नव्वद वर्षं घरात अस्सल बर्मिंगहॅमची म्हणून पूजा झालेली वस्तू. खरं तर माझ्या लेखी तिची किंमत वाढलीच. पणजोबांनी ऐपतीप्रमाणे स्वस्तातली दुनळी निवडली आणि ती चांगली निघाली. माझ्या मित्राला हवं होतं तेच त्यांनी १९३६ मध्ये करून दाखवलं होतं.

पण खरी गोष्ट त्या शिक्क्याच्या शेजारी होती. तिथे १२ आणि ६५ हे आकडे होते. बारा म्हणजे बोअर, आणि पासष्ट म्हणजे चेंबरची लांबी मिलिमीटरमध्ये. आज मिळणारी काडतुसं बहुतेक सत्तरची असतात. हा आकडा उडाल्यानंतरच्या, तोंड उघडलेल्या काडतुसाचा. भरलेलं काडतूस तोंड दुमडल्यामुळे त्याहून आखूड असतं, म्हणून ते पासष्टच्या चेंबरमध्ये आरामात बसतं. बंदूक बंद होते. बार काढला की मात्र दुमड उघडायला पाच मिलिमीटर जागा कमी पडते, ती पुढच्या अरुंद भागात घुसते आणि आतला दाब वाढतो. आपल्या भाषेत, कंपाइल होतं, वॉर्निंग येत नाही, चालवल्यावर फुटतं. बंदूकवाल्यांनी विचारलं, कोणती काडतुसं वापरता? मोठेबाबांनी पिशवीतून डबा काढला. सत्तर. डुकरांना हुसकवायला वर्षाकाठी दोन-चार बार हवेत काढायचे, किती वर्षांपासून ते त्यांनाही नक्की आठवेना. बंदूकवाल्यांनी नळ्यांवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाले, "चांगल्या माणसानं बनवली आहे."

पणजोबांच्या त्या अनोळखी बेल्जियन कारागिरानं नळीच्या भिंतीत ठेवलेली थोडीशी जास्तीची जाडी, एवढ्यावर मोठेबाबांचा डावा हात शाबूत आहे.

आता कागदोपत्री. २०१६ च्या नियमांप्रमाणे लायसनधारकाचं वय सत्तर झालं, किंवा बंदूक त्याच्याकडे पंचवीस वर्षं असली, की हयातीतच वारसाच्या नावावर करता येते. मोठेबाबा दोन्हींत बसतात. पण मी राहतो शहरात, म्हणजे अर्ज पोलीस आयुक्तांकडे. पोलीस तपासणी, वैद्यकीय दाखला, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, आणि बंदूक कुलपात कुठे ठेवणार ते. मनीषनगरच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये, जिथे बहिणीची दोन पोरं दर सुट्टीत प्रत्येक कपाट उघडून बघतात. शिवाय निवडणुका आल्या की जमा करायची वेळ येऊ शकते ती वेगळीच. बाबा म्हणतात, देऊन टाका, कायले पाहिजे. बायको म्हणते, वर्षातून एकदा पूजेसाठी एवढं? मोठेबाबा काहीच म्हणत नाहीत, आणि तेच जड जातं. नाही घेतली तर ती विक्रेत्याकडे किंवा ठाण्याच्या मालखान्यात जाईल, आणि तिथून परत आलेली दुनळी मी अजून ऐकलेली नाही.

मित्राला मी सगळं सांगितलं. त्यानं डोक्याला हात लावला आणि दुसऱ्या आठवड्यात ४.५ मिलिमीटरची एअरगन आणली. वीस जूलच्या आत ताकद असेल तर तिला लायसन लागत नाही. सध्या तो गच्चीवर कागदाच्या लक्ष्यावर नेम धरतोय, मागे वाळूची पोती लावून. खूश आहे.

मी प्रशिक्षणाचा फॉर्म आणलाय. भरलाय, सही राहिलीय. काल रात्री मोठेबाबांचा फोन आला. जुन्या मापाची पासष्टची काडतुसं कुठे मिळतील ते विचारत होते, बंदूक ज्याच्याकडे जाईल त्याला उपयोगी पडतील म्हणे. ठेवता ठेवता म्हणाले, "अन् ते बेल्जियमचं गावात कोणाले सांगू नको."

(सांगितलं नाही. इथे फक्त लिहिलंय :) )